खट्ट वाजणारा कॅमेरा

समजा, तुमच्या हातात कॅमेरा आहे आणि समोर नवरी बसली आहे. तिच्या अंगावर गडद लाल मखमलीचा पायघोळ झगा, गंदुरा, आहे आणि त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत जरीचं भरतकाम. मखमल उजेड पिऊन टाकते, जरतार तोच उजेड तुमच्या डोळ्यांवर परत फेकते. मखमलीची घडी दिसावी म्हणून उजेड वाढवाल तर जरतार पांढरीफटक होते. जरतार सांभाळायला जाल तर मखमलीच्या जागी काळा खड्डा दिसतो. हॉलला एकही खिडकी नाही, कारण हॉल बायकांचा आहे. छताला एलईडीच्या पट्ट्या आहेत आणि त्या मनाला येईल तेव्हा रंग बदलतात. आजूबाजूला दोनशे बायका आहेत, केस मोकळे, दंड उघडे, घरात असाव्यात तशा. यांतल्या निम्म्या उद्या बाजारात भेटल्या तर त्यांचा एक केसही तुम्हाला दिसणार नाही. आता फोटो काढा. जरीचा एकही धागा जळता कामा नये, आणि जिला फोटोत यायचं नाही तिचं बोटसुद्धा चौकटीत येता कामा नये.

अल्जेरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात अतिका हे काम एकोणीस वर्षं करते आहे. सीदी मबरूक भागातली कितीतरी घरं आधी अतिकाला कुठला दिवस मोकळा आहे ते विचारतात आणि मग हॉल ठरवतात. तिच्या वडलांचा पासपोर्टच्या फोटोंचा स्टुडिओ होता. पडद्याआड बायकांचे फोटो काढायला कुणी बाई हवी म्हणून त्यांनी धाकट्या मुलीच्या हातात कॅमेरा दिला, तो पुढे तिच्या हातून सुटलाच नाही. इतकी वर्षं उजवा डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावून डावा मिटून घेतल्यामुळे तिच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्या जास्त आहेत. तिचा नवरा लखदर म्हणतो, तुझी डावी बाजू माझ्याहून म्हातारी आहे.

तिचं नाव आहे ते मात्र नुसत्या फोटोंमुळे नव्हे. तिची एक रीत आहे. लग्नातला बायकांचा सोहळा दुपारी असतो. डफवाल्या बायका गाऊन दमल्या की थांबतात, संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी फिरते, आणि तेवढ्या वेळात टेबलाटेबलांचे फोटो होतात. एरवी नाही. अतिकाच्या पुढे तिची मावसबहीण सलीहा चालते आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, की कॅमेरा आला, ज्यांना लपायचं त्यांनी लपा. ज्यांना फोटोत यायचं नसतं त्या शाल ओढतात, पाठ फिरवतात, एखादी चक्क बदामाच्या वड्यांचं तबक तोंडापुढे धरते. मग खट्ट होतं. खट्ट झालं की शाली खाली येतात आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू होते. शेवटी अतिका मेमरी कार्ड काढून नवरीच्या आईच्या हातावर ठेवते. दुसऱ्या दिवशी ती आई कार्ड घेऊन अतिकाच्या घरी येते, शेजारी बसून एकेक फोटो निवडते, आणि निघताना कार्ड परत घेऊन जाते. अतिकाकडे एकाही परक्या बाईचा फोटो राहत नाही. हॉलचं दार तिच्यासाठी उघडतं ते एवढ्या एका भरवशावर. तो उडाला तर मखमलीचे कितीही सुंदर फोटो काढता आले तरी ती दाराबाहेरच.

गेल्या वसंतात तिचा जुना कॅमेरा कुरकुरायला लागला. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक छोटा आरसा असतो. फोटो काढताना तो झटकन वर जातो आणि परत खाली येतो. अतिकाचा आरसा वर जाऊन तिथेच अडकायला लागला. आधी शंभरात एकदा, मग दहात एकदा. दुरुस्ती करणाऱ्याने कॅमेरा उघडून पाहिला आणि सांगितलं, की हा भाग आता मिळत नाही. आरशाचे कॅमेरे बनवणंच लोक सोडून देत आहेत, आता सगळे बिनआरशाचे. उन्हाळा तोंडावर आला होता आणि उन्हाळ्यातच लग्नं असतात. एकच कॅमेरा घेता येईल एवढी तिची ऐपत होती, तोही सगळ्यांत खालच्या पायरीचा.

मग ती सलीहाला घेऊन अल-उल्माच्या बाजारात गेली. कॉन्स्टंटाइनहून सामायिक टॅक्सीने दीड-दोन तास. तिथे फुदीलचं दुकान आहे. फुदील तिशीचा, दुबईहून माल आणणारा, बोलायला लागला की थांबणं त्याच्या हातात नसतं. अतिकाने पिशवीतून गडद लाल मखमलीचा जरीकाम केलेला तुकडा काढला आणि त्याच्या काउंटरवर पसरला. मोठ्या बायकांना तो खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणायचा. म्हणाला, खाल्ती, इथे कपडे शिवत नाहीत. अतिका म्हणाली, "तू तुझे कॅमेरे काढ. मला काय शिवायचं ते मी बघते."

त्याने चार काढले. त्यांतला सगळ्यांत स्वस्त होता तो त्याने स्वतःच बाजूला सरकवला. हा खाल्ती तुमच्यासाठी नाही, त्याचा मेंदू जुना आहे, पडदा फिरत नाही, उगीच लावून ठेवलाय. दुसऱ्याला डोळा लावायची खिडकी होती आणि आवाज करणारं खरंखुरं शटर होतं, पण अंधारात तो लवकर हार मानायचा, आणि बॅटरी एवढीशी की एका लग्नाला चार लागल्या असत्या. तिसऱ्याचा सेन्सर मोठा होता, मखमल त्याला उत्तम दिसत होती, पण तेवढ्या पैशांत लेन्स येत नव्हती. सलीहा म्हणाली, बाकीचे लोक फोटो बघतात, आपण बिनलेन्सचा घेऊन नुसता सेन्सर बघत बसू.

चौथा मात्र हातात घेतल्यावर अतिकाने खाली ठेवला नाही. मुठीत मावेल एवढा. तिने मखमलीचा फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला. घडीच्या आतली लवसुद्धा दिसत होती आणि जरीचा धागा न् धागा शाबूत होता. तिने वहीच्या मागच्या पानावर त्याच्या उणिवा लिहायला घेतल्या. डोळा लावायची खिडकी नाही, सगळं पडद्यात बघायचं. ठीक, डाव्या डोळ्याला विश्रांती. फ्लॅश चालत नाही. तसाही नवरीमुलींना फ्लॅश नको असतो. कार्ड एकच बसतं. एकच तर द्यायचं असतं. फोनशी आपोआप जोडला जातो, हे तिला अजिबात नको होतं. ते कायमचं बंद कसं करायचं हे तिने फुदीलकडून तीनदा करून घेतलं. तो वैतागून म्हणाला, की लोक या सोयीसाठी जास्त पैसे देतात.

"आणि खाल्ती, याच्यात शटर हलतच नाही," तो म्हणाला. "सगळं आत विजेवर. अजिबात आवाज नाही. मशिदीत काढा, कुणाला कळणार नाही."

अतिकाने तेही लिहून घेतलं. पण ते तिने उणिवांच्या नाही, जमेच्या बाजूला लिहिलं. एकोणीस वर्षं ज्या आवाजाच्या सोबत काम केलं तो आवाज तिला ऐकू येणं कधीच बंद झालं होतं.

शेवटी फुदील म्हणाला, की खोकं जपून ठेवा, आठवड्याभरात पटला नाही तर बदलून देईन. खाल्ती आहात म्हणून. बाकी कुणाला देत नाही.

त्याच गुरुवारी शहिनाझचं लग्न होतं. तिची आई वहीबा अतिकाची जुनी शेजारीण, त्यामुळे घरचंच कार्य. सुरुवातीचा तासभर अतिका हवेत होती. नवरी मखमलीत येऊन बसली, छतावरचे दिवे निळे झाले, मग केशरी झाले, आणि कॅमेऱ्याने सगळं निमूटपणे सांभाळलं. ती फोटो काढायची, पडदा सलीहासमोर धरायची आणि काही न बोलता भुवया उडवायची. जुना कॅमेरा तिने पिशवीत ठेवला होता, नाइलाज झाला तर असावा म्हणून.

मग डफ थांबले, कॉफी फिरली. सलीहा पुढे झाली, तिने आरोळी दिली. पहिली दोन टेबलं बरी गेली. फक्त बायका नेहमीपेक्षा जास्त वेळ ताटकळत होत्या, का ते अतिकाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या टेबलाशी हजला जाऊन आलेली नवरीची आजी, हाज्जा बहीजा, बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला फोटो हवा होता म्हणून ती कॅमेऱ्याच्या अंदाजाने तोंड करून हसत बसली होती. तिच्या शेजारी नसीरा, नवरीच्या चुलत भावाची बायको. तिला फोटो नको होता, तिने शाल दोन्ही हातांनी चेहऱ्यापुढे धरली होती. अतिकाने एक काढला, दोन काढले, कोन बदलून आणखी काढले.

"काढ की गं," हाज्जा म्हणाली. "माझं हसू वाळलं."

"काढले, हाज्जा. सहा काढले."

"कधी?"

हाज्जाने सहज विचारलं होतं, पण तो प्रश्न तिथेच राहिला. नसीराची शाल खाली आलेली होती. हात भरून आले म्हणून तिने मध्येच ती सोडली होती. कॅमेरा अजून जुळवाजुळव करतोय असं तिला वाटलं होतं. तिने अतिकाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, दाखव.

अतिकाने पडदा तिच्यासमोर धरला. पाचव्या फोटोपर्यंत शाल होती. सहाव्यात नसीरा होती, मोकळे केस, कपाळाला चिकटलेली बट, कपात बघत असलेली. अतिकाने तो तिच्या डोळ्यांदेखत पुसला, मग कार्डात राहिलेला नाही हे दाखवायला कार्ड काढून परत घातलं. नसीरा हो हो म्हणत होती, पण तिने शाल परत डोक्यावर घेतली होती आणि आता ती सोडत नव्हती.

पलीकडच्या टेबलावरून एकीने विचारलं, "मघाशी आम्ही नाचत होतो तेव्हा तू खांबापाशीच उभी होतीस ना?"

उभी होती. कॅमेरा गळ्यात होता. तिने एकही फोटो काढला नव्हता. आजपर्यंत असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरजच नव्हती. काढला असता तर शेजारच्यांना तरी ऐकू आला असता.

वहीबाने पुढे होऊन सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, मी सगळे फोटो पाहते आणि तुम्हाला सांगते. मग डफवाल्या बायका हात मांडीवर ठेवून थांबल्या, दोनशे बायका थांबल्या, आणि नवरीची आई आपल्या मुलीच्या लग्नात उभ्या उभ्या पडद्यावर एकेक फोटो सरकवत राहिली. दोनशेच्या वर होते. अतिका शेजारी हात बांधून उभी. नाचणाऱ्या बायकांचा एकही निघाला नाही. वहीबाने तसं मोठ्याने सांगितलं. काही बायका ओशाळल्या, एकीने अतिकाच्या हातात जबरदस्तीने जौझियाचा, अक्रोड-मधाच्या मिठाईचा, तुकडा कोंबला. अतिकाने तो खाल्ला, पण चव कळली नाही.

सलीहाने कुजबुजून सुचवलं, की दर फोटोला मी टाळी वाजवते. अतिकाला दुसरं काहीतरी आठवलं. तिने कॅमेऱ्याच्या मेनूत, सोयींच्या यादीत शोधलं. एक खोटा आवाज होता, फोटो काढला की वाजणारा, घड्याळासारखी टिकटिक. तिने तो पूर्ण मोठा केला आणि हाज्जासमोर जाऊन वाजवून दाखवला.

हाज्जाने कान तिरका करून ऐकला. "हा बंद करता येतो का?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईला दिसत नव्हतं, यादीबिदी कळत नव्हती.

"येतो," अतिका म्हणाली.

"मग त्याचा काय उपयोग, बिन्ती, पोरी?" हाज्जाने चाचपडत तिचं मनगट धरलं. "मी तुझ्यावर शंका घेत नाही. मी तुला पडद्याआड फोटो काढायचीस तेव्हापासून ओळखते. पण मला दिसत नाही, मला ऐकू येतं. या पोरींनाही पाठ फिरवल्यावर काय दिसतं?"

अतिकाने नवा कॅमेरा पिशवीत टाकला आणि जुना काढला. उरलेली टेबलं तिने त्यावर केली. दर तीन-चार फोटोंना आरसा वर अडकायचा, मग ती बॅटरी काढून परत घालायची. बायका तेवढा वेळ शाली धरून बसायच्या, आणि कुणीतरी म्हणायचं, अडकला. तोवर एखादी गोष्ट सांगून व्हायची. मग खट्ट. निम्मे फोटो बिघडले. पण नसीराने शेवटचं टेबल येण्याआधी शाल पुन्हा खांद्यावर टाकली होती, हे अतिकाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वहीबा कार्ड घेऊन घरी आली. ती संगणकासमोर बसली, आणि मखमलीतली शहिनाझ पडद्यावर आल्यावर तिने चष्मा पुसून पुन्हा घातला. म्हणाली, माझ्या आईच्या हातचं भरतकाम आहे हे, आणि एवढी वर्षं कपाटात असून मी ते असं कधी पाहिलं नव्हतं. गळ्यापाशी एक टाका चुकलेला होता, तोही दिसत होता. त्यावर तिने बोट ठेवलं आणि हसली. अतिकालाही बरं वाटलं. हा कॅमेरा आपल्याला काय देऊ शकतो ते दोघी बराच वेळ बघत राहिल्या.

निघताना वहीबा दारात घुटमळली. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ऑगस्टमध्ये होतं, आणि अतिका येणार हे आधीच ठरलेलं होतं. "बहिणीने विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "राग मानू नको. तू येशील तेव्हा कुठला कॅमेरा आणशील?"

रात्रीच्या जेवणाला अतिकाने लखदरला सगळं सांगितलं. तो ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला यंत्रांबद्दल मत असतंच. त्याने सांगितलं, की एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज अजिबात येईनासा झाला तर आम्हीही त्याच्या जवळ जात नाही. अतिका म्हणाली, हा विनोद आहे की सल्ला? तो म्हणाला, मलाही नक्की माहीत नाही.

शनिवारी ती आणि सलीहा पुन्हा अल-उल्माला गेल्या. खोकं जसंच्या तसं होतं. फुदीलचा चेहरा पडला, त्याने काय बिघडलं म्हणून विचारलं. अतिका म्हणाली, काहीच बिघडलं नाही, याच्याइतका चांगला कॅमेरा मी हातात धरलेला नाही. मग तिने त्याला दुकानाचं दार लावायला सांगितलं.

"कशाला?"

"ऐकायचंय."

आधी तो हसला. मग त्याने दार लावलं, पंखा बंद केला आणि काउंटरवर कोपर टेकून तिच्याबरोबर ऐकायला लागला. खिडकीवाला कॅमेरा चांगला वाजत होता. पण त्याच्या यादीत गप्प बसायची सोय होती, एक खूण केली की आवाज गायब. अतिकाने विचारलं, ही सोय काढून टाकता येते का. फुदील म्हणाला, नाही, ती तर सोय आहे. मोठ्या सेन्सरवाल्यातही तीच गत. ती खूण मी कधीच करणार नाही अशी अतिका शपथ घेऊ शकली असती, आणि बायकांनी तिच्यावर विश्वासही ठेवला असता, एकोणीस वर्षं ठेवला तसा. पण आता हाज्जाचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. बंद करता येतो का?

उरला बाजूला सरकवलेला, सगळ्यांत स्वस्त. फुदीलने तो नाखुशीनेच उचलला, दाबला. खट्ट. बंद दुकानात तो आवाज चांगलाच मोठा वाटला.

"याची यादी बघ," अतिका म्हणाली.

त्याने पाहिली, वरून खाली, पुन्हा वर. "याला गप्प बसताच येत नाही, खाल्ती. म्हणून तर पडून आहे. लोक तक्रार करतात, झोपलेलं बाळ उठतं म्हणून."

अतिकाने पिशवीतून मखमलीचा तुकडा काढला. फोटो काढला, मोठा करून पाहिला. घडीच्या आत करडे ठिपके होते. लव दिसत नव्हती. चुकलेला टाका याच्यात कधीच दिसला नसता. तिने जरा उजेड वाढवून पाहिलं, तर जरतार पांढरी पडायला लागली. तिने कॅमेरा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मग अतिकाने वरची खाच बघितली. फ्लॅश बसत होता. छताकडे तोंड करून फ्लॅश टाकला तर मखमलीचं अर्धं तरी राखता येईल, असं ती स्वतःशीच पुटपुटली. अर्धं. नवरीमुलींना तो आवडणार नाही, तर त्यांना समजावावं लागेल. जरीसाठी कोन शोधावे लागतील, प्रत्येक नवरीमागे वेळ वाढेल. आणि वहीबासारखी एखादी आई पडद्यासमोर चष्मा पुसेल असा फोटो आता तिच्या हातून निघेल की नाही, कोण जाणे. पण ऑगस्टमध्ये दारात कुणी विचारलं, तर उत्तर हातात असेल.

तिने फुदीलला हाच बांधायला सांगितला, आणि उरलेल्या पैशांत एक फ्लॅश दाखव म्हणाली. तो बांधता बांधता म्हणाला, की हा तर मी परत पाठवणार होतो. बनवणाऱ्यांना मी कळवलंही होतं, की आवाजाचं काहीतरी करा.

अतिकाचा हात मखमलीची घडी घालता घालता थांबला.

"आणि त्यांनी काय सांगितलं?" तिने विचारलं. "याचा पुढचा येईल, त्यात हा आवाज ठेवणार आहेत का?"